घोडा भूमिपुत्र आहे का?

गेल्या उन्हाळ्यात कॅनडात हॅलिफॅक्सला एका मराठी घरी जेवायला होतो. घरची मुलगी जीवशास्त्र शिकते. शेजारचे एक आजोबा जन्माने तिथल्याच नोव्हा स्कोशिया प्रांताचे, उमेदीची सगळी वर्षं मालाच्या जहाजांवर काढलेले, पिठल्याच्या ओढीने अधूनमधून येऊन बसतात. विषय निघाला सेबल बेटावरच्या घोड्यांचा आणि टेबलाचे सरळ दोन तट पडले. “ते घोडे तिथले नाहीतच, काका. माणसाने नेऊन सोडलेत. राष्ट्रीय उद्यानात परक्या प्राण्याला जागा कशाला?” ही मुलगी. “माझ्या खापरपणजोबांच्या आधीपासून आहेत ते तिथे. ते परके, तर मग मी कोण?” हे आजोबा. पुढचा अर्धा तास दोघं ‘मूळचे’ या एका शब्दाभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिली. वहिनींनी दोनदा भाकरी आणून ठेवली, दोन्ही वेळा ती गार झाली. परत आल्यावर या विषयावर हाताला लागेल ते वाचलं, तर तिकडचा जाहीर वादही बहुतेक त्याच रिंगणात फिरताना दिसला.

पुण्यात बसून सेबलवर लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, हे मान्य. तरी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घोडे बेटावर राहावेत. मात्र ते मूळचे आहेत म्हणून नाही, कारण ते मूळचे नाहीतच. वारसा म्हणूनही नाही, कारण वारसा हा शब्द कशालाही चिकटवता येतो. ते राहावेत ते मोजून, मर्यादेत, आणि मर्यादा ओलांडली गेली हे कोणत्या खुणेवरून ओळखायचं ते आधी जाहीर करून. ‘निसर्गाचं निसर्ग बघून घेईल’ म्हणत हाताची घडी घालून बसणं मला दोन्ही टोकांच्या भूमिकांहून जास्त धोक्याचं वाटतं.

बेट कसलं आहे ते आधी नीट डोळ्यांसमोर आणायला हवं. सेबल म्हणजे फ्रेंचमध्ये वाळू, आणि ते नाव अक्षरशः खरं आहे. हॅलिफॅक्सच्या आग्नेयेला अटलांटिकमध्ये सुमारे ३०० किलोमीटर आत, चंद्रकोरीच्या आकाराची, ४० किलोमीटरहून थोडी जास्त लांब आणि सगळ्यात रुंद जागी जेमतेम दीड किलोमीटरची वाळूची एक पट्टी. वर कुठे खडक दिसत नाही. १९०१ साली सरकारने हजारोंनी झाडं लावून पाहिली, त्या वाऱ्यापुढे ती टिकली नाहीत. वाळू जागेवर धरून ठेवतं ते मरॅम नावाचं कणखर, लांब मुळांचं गवत. आजूबाजूच्या उथळ समुद्रात ३५० हून अधिक जहाजं फुटली. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. डबकी आटली की घोडा पुढच्या टापेने वाळू उकरतो, खड्ड्याच्या तळाशी ओल येईपर्यंत उकरत राहतो, मग मान खाली घालून थांबतो आणि झिरपेल तेवढं पितो. त्याचं चित्रण मी पाहिलं तेव्हा मला आठवली ती माणदेशात नदीच्या कोरड्या पात्रात झरा उकरून वाटी-वाटीने घागर भरणारी बाई. खांदे तसेच झुकलेले आणि घाई कसलीच नाही.

हा प्राणी तिथे आला तो माणसाच्याच एका अन्यायातून. १७५५ पासून इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातल्या अकेडियन, म्हणजे फ्रेंच वंशाच्या शेतकऱ्यांना घरादारातून उठवून देशोधडीला लावलं. त्यांची गुरंढोरं, घोडे मागे राहिले. बोस्टनच्या थॉमस हॅनकॉक नावाच्या व्यापाऱ्याने १७६० च्या सुमारास त्यातले काही घोडे जहाजात घालून सेबलवर नेऊन सोडले. आजचा कळप प्रामुख्याने त्यांचा वंश मानला जातो. १८०१ मध्ये बेटावर फुटलेल्या जहाजांतल्या माणसांना वाचवण्यासाठी ठाणं उभं राहिलं. मग हेच घोडे किनाऱ्यावर गस्तीला आणि बचावाच्या होड्या ओढायला जुंपले गेले. अधूनमधून वळू घोडे मुख्य भूमीवरून आणून सोडले, जात ‘सुधारावी’ म्हणून. शिलकीचे घोडे पकडून विकले, काही केप ब्रेटनच्या कोळशाच्या खाणींत गेले. डुकरं, गुरं, ससे, मांजरं यांनाही माणसाने या ना त्या कारणाने बेटावर उतरवलं होतं. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांपैकी आज उरलेत ते फक्त घोडे. बुटके, भरीव, बहुतेक काळपट-तांबूस, डोळ्यांवर येणारी आयाळ, आणि वाळू चावून चावून वेळेआधी झिजलेले दात. संख्या अलीकडे पाचशेच्या आसपास.

आता ‘मूळचे’ या शब्दाकडे येऊ. घोड्यांच्या बाजूने बोलणारे काही जण एक हुशार मुद्दा मांडतात. घोड्याचं कूळ उत्तर अमेरिकेतच घडलं, सुमारे १० हजार वर्षांपूर्वी ते तिथून नामशेष झालं, तेव्हा युरोपियनांनी घोडा आणला म्हणजे नवा प्राणी आणला नाही, गेलेला परत आणला. ऐकायला छान आहे. पण मूळचेपणा खंडाला लागू होत नाही, जागेला लागू होतो. आपलंच उदाहरण घ्या. चितळ हा अस्सल भारतीय प्राणी, आपल्या प्रत्येक अभयारण्याची शोभा. तोच चितळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी अंदमानात नेऊन सोडला. तिथे ना वाघ, ना बिबट्या, ना रानकुत्रा. चितळांनी जंगलातली कोवळी रोपं खाऊन उगवणच बसवली, आणि पोहत या बेटावरून त्या बेटावर पसरले. राज्यघटनेच्या दृष्टीने अंदमान भारतात आहे, पण रोपट्याला ते कोण सांगणार? तेव्हा ‘घोडा अमेरिकेचाच’ हे म्हणणं सेबलच्या वाळूवर काही सिद्ध करत नाही. तिथल्या गवताची आणि घोड्याची ओळख झाली अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी, त्याआधी नाही.

दुसरीकडे, ‘मूळचा नाही, सबब हटवा’ म्हणणाऱ्यांचं पाऊलही इथेच घसरतं. मिरची मूळची इथली नाही. बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ, काजू, सगळे समुद्रावरून आले. गोव्याचा काजू कोणी उपटून टाका म्हणेल का? उलट गाजर गवतही परकंच, आयात गव्हाबरोबर आलेलं, १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा नजरेत भरलेलं, आणि त्याने किती रानं आणि किती लोकांचे श्वास खराब केले ते आपण जाणतो. म्हणजे ‘परका’ या शब्दातून फक्त गावाचं नाव कळतं, चालचलणूक कळत नाही. मूळचेपणाला तर मुदतही नाही. ज्या भीमथडीच्या तट्टांचा आपल्या राज्यगीतात उल्लेख आहे, ती तट्टं तरी कुठून आली? अरबस्तानातून, इराणमधून चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरांत उतरलेले घोडे आणि दख्खनची काटक, बुटकी घोडी यांच्या संकरातून भीमेच्या काठी ती घडली. अलीकडेच त्यांना स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. नोंद योग्यच आहे. पण ज्या दिवशी पहिला अरबी वळू दाभोळला उतरला त्या दिवशी तो देशी होता का? आणि नसेल, तर झाला कोणत्या साली?

इथे एक पाटी लावून ठेवतो. ‘परक्या जाती’ ही भाषा म्हणजे स्थलांतरितांचा द्वेष, असा आरोप करून पर्यावरणशास्त्रज्ञांची तोंडं बंद करण्याची एक फॅशन आहे. जेवणाच्या टेबलावर आजोबांनी नकळत तेच केलं. “मग मी कोण?” या प्रश्नावर कोण काय बोलणार? पण माणसं आणि झाडं-जनावरं यांची अशी गल्लत करू नये. माणूस बेटावर आला तर कायदा मानू शकतो, भांडू शकतो, चूक कळल्यावर बदलू शकतो. चितळ यातलं काही करत नाही, तो फक्त खातो. ‘भूमिपुत्र’ हा शब्द मी शीर्षकात मुद्दाम वापरला तो एवढ्यासाठीच, की साठ वर्षांच्या आपल्या अनुभवावरून त्या शब्दाने हवा किती तापते आणि प्रश्न किती कमी सुटतात हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

बरं, मूळचेपणाचा मुद्दा बाजूला ठेवला, तर घोड्यांच्या विरोधात काही उरतं का? उरतं, आणि ते फार वजनदार आहे. सेबलवर मधमाशीच्या दूरच्या नात्यातली एक बारीकशी माशी आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. इप्सविच नावाने ओळखली जाणारी फिकट रंगाची चिमणी जवळजवळ फक्त याच बेटावर घरटी करते. माशीला फुलं लागतात, चिमणीला घरट्यासाठी दाट गवत लागतं, आणि बेटाला बेट म्हणून राहण्यासाठी मरॅम लागतं. घोडा तेच गवत खातो, तुडवतो, त्याच फुलांचे शेंडे खुडतो. घोडे जगभर कोट्यवधींनी आहेत. सेबलचे सगळे घोडे उद्या हलवले तरी घोडा नावाचा प्राणी संपणार नाही. ती माशी संपली तर कायमची संपली. या तराजूत माशीचं पारडं खाली जातं, आणि ‘पण घोडे किती सुंदर दिसतात’ हे वजन दुसऱ्या पारड्यात टाकून ते वर येत नाही. ती मुलगी टेबलावर हे बोलली असती तर मी तिथेच तिच्या बाजूने हात वर केला असता. ती मात्र ‘परके’ या शब्दात अडकून पडली.

‘अडीचशे वर्षं घोडे आहेत, तरी माशीही आहे आणि चिमणीही आहे, मग बिघडलं कुठे?’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जे उरलं तेच आपल्याला दिसतं. हॅनकॉकचं जहाज लागण्याआधी त्या वाळूवर काय काय होतं याची यादी कोणी केली होती? घोड्यांनी आणि माणसाने आणलेल्या इतर जनावरांनी पहिल्या पन्नास वर्षांत काय पुसून टाकलं, ते विचारायला साक्षीदारच नाही. तेव्हा सहवासाची वर्षं मोजून निर्दोषपणाचा दाखला देता येत नाही.

पण हटवण्याच्या बाजूलाही हाच नियम लागतो. घोडे काढले की बेट १७५९ सालात परत जाईल, हे गृहीत कशाच्या जोरावर धरायचं? बेटावरची सगळ्यात मोठी उलथापालथ आज घोड्यांची नाहीच, ती सीलची आहे. करड्या सीलची जगातली सगळ्यात मोठी वीण आता सेबलवर होते, एकेका हिवाळ्यात ७५ हजारांहून अधिक पिल्लं. साठ वर्षांपूर्वी ही संख्या आजच्या मानाने किरकोळ होती. सील समुद्रातला मासा खातात आणि विष्ठेच्या, मृत पिल्लांच्या रूपाने त्याचं खत वाळूवर पडतं. जिथे सील जास्त, तिथलं मरॅम जास्त कसदार, आणि घोडे चरायला तिकडे सरकतात, असं संशोधकांना आढळलंय. म्हणजे समुद्र, सील, गवत, घोडा अशी एक साखळी आपल्या डोळ्यांदेखत जुळते आहे. त्यातली एक कडी उपटली की बाकीच्या कुठे जातील, हे आज छातीठोकपणे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. चराई एकदम थांबली तर गवत माजून फुलांची झाडं त्याखाली दबतील, हीही एक शक्यता आहे, आणि मग माशीचं काय? घोडे कमी करून पाहता येतं, चुकलं तर थांबता येतं. शेवटचा घोडा जहाजात चढवल्यावर मात्र परतीची वाट नाही. पुन्हा सोडायला घोडे मिळतील, पण बर्फाळ वाऱ्यात त्या वाळूवर जगण्याच्या कसोटीतून अडीचशे वर्षं चाळून निघालेला हा कळप मिळणार नाही. माशीच्या बाजूने जो युक्तिवाद आहे, न परतणाऱ्या गोष्टींबाबत सावध राहण्याचा, तो थोड्या कमी वजनाने का होईना, घोड्यांनाही लागू पडतो.

वारसावाल्यांना यात आपला विजय दिसेल, म्हणून त्यांच्याकडे वळतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी बचाव ठाणं बंद झालं आणि सरकारने घोडे शिलकी माल ठरवून विकायला काढले. खाटकाकडे, कुत्र्यांच्या खाद्यासाठी जातील ही बातमी पसरली. देशभरातल्या शाळकरी मुलांनी पंतप्रधान जॉन डीफनबेकर यांना पत्रं लिहिली आणि १९६० मध्ये त्यांनी घोड्यांना अभय दिलं. पाठोपाठ कायदेशीर संरक्षण आलं. २००८ मध्ये नोव्हा स्कोशियाने या घोड्याला प्रांताचा अधिकृत घोडा केलं, २०१३ मध्ये बेट राष्ट्रीय उद्यानाच्या छत्राखाली आलं. कथा गोड आहे आणि खरीही. पण नीट पाहा, एकच प्राणी दोनशे वर्षांत औजार होता, मग भंगार झाला, मग मांस होता होता राहिला, मग मानचिन्ह बनला. घोडा काही बदलला नाही, बदलली ती आपली गरज. आजच्या गरजेला वारसा म्हणून कायद्यात गोठवलं की काय होतं, ते ऑस्ट्रेलियात पाहायला मिळतं. न्यू साउथ वेल्समध्ये २०१८ साली कॉझियस्को उद्यानातल्या रानटी घोड्यांना, ब्रम्बींना, वारसा म्हणून कायद्याचं कवच मिळालं. पहाडी दलदली तुडवल्या जात राहिल्या, संख्या वाढत २०२२ च्या मोजणीत अंदाज १८ हजारांच्या पुढे गेला, आणि अखेर २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायची परवानगी द्यावी लागली. ज्यांनी प्रेमापोटी कायदा मागितला त्यांच्या प्रेमाचा शेवट बंदुकीत झाला. सुरुवातीलाच संख्येची मर्यादा मानली असती, तर एवढे घोडे मारायची वेळ आली असती का?

मग तिसरा पक्ष बोलतो, दयेचा. सेबलवर घोड्यांना चारा घालत नाहीत, औषधपाणी करत नाहीत. पर्यटकाने वीस मीटर दूर राहायचं. कडक हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हातारी घोडी आणि वर्षाच्या आतली शिंगरं भुकेने आणि थंडीने मरतात. काही हिवाळ्यांत ही संख्या बरीच मोठी असते. स्वतःच्या ताब्यातल्या जनावराला कोणी असं मरू दिलं तर त्याच्यावर खटला भरतो आपण. सरकारने हेच केलं की त्याला निसर्ग का म्हणायचं? हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो, आणि ‘रानात असंच असतं’ हे त्याचं उत्तर नाही. सेबल रान नाही. तिथे शिकारी प्राणी नाही, आणि पळून दुसऱ्या कुरणात जायची सोय नाही. समुद्र हेच कुंपण आहे.

नेदरलँड्सचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, ओस्टफाडर्सप्लासन नावाच्या पाणथळ जागी, १९८० च्या दशकापासून कोनिक घोडे, रांगडी गुरं आणि हरणं सोडली. माणसाने हात लावायचा नाही, हे तत्त्व. कुंपणाच्या आत संख्या वाढत गेली. २०१७-१८ चा हिवाळा कडक निघाला आणि ३ हजारांहून अधिक जनावरं गेली, त्यातली बहुतेक उपासमारीने मरण्याआधी वनरक्षकांनी गोळी घालून संपवलेली. लोक चिडून कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकत होते. त्यांना मी भावनाविवश म्हणून हसणार नाही. पण सेबलवर हिवाळ्यात वैरण टाकायची म्हणजे काय होईल? यंदा जगलेली शिंगरं तीन वर्षांनी वितील. पाचशेचे आठशे होतील, आणि मरॅम तेवढंच राहील. खर्च माशीच्या आणि वाळूच्या खात्यावर पडेल, आणि एक दिवस वैरणीचं जहाज वादळात अडकलं की एकदम दुप्पट घोडे मरतील. मरण कमी करायचं तर चाऱ्याआधी जन्म कमी करावे लागतात. ही गोष्ट कानाला कोरडी लागते, पण दयेचा हिशेब असाच बसतो.

आणि तो बसवलेलाही आहे, त्याच अटलांटिकच्या काठी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ॲसटीग नावाचं असंच लांबट वाळूचं बेट आहे, मोठा भाग मेरीलँडमध्ये, उरलेला व्हर्जिनियात, मध्ये कुंपण, दोन्हीकडे रानटी घोडे. मेरीलँडच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान विभागाने १९९४ पासून बरीच वर्षं घोड्यांना दुरूनच छोट्या बाणाने गर्भनिरोधक लस टोचली. कळप १७० च्या पुढे गेला होता, तो घोडा न मारता शंभराच्या आत आला. व्हर्जिनियाच्या बाजूचा कळप चिंकोटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा आहे. दर जुलैत घोडे खाडी पोहून गावात आणतात, शिंगरांचा लिलाव होतो, आलेल्या पैशांत बंब चालतात. १९२५ पासून ही रीत आहे. दीडशेच्या वर मोठे घोडे ठेवायची त्यांना परवानगीच नाही. जत्रेचा गोंगाट मला सेबलवर नको आहे, पण दोन्ही बाजूंनी एक आकडा आधी ठरवला आणि तो पाळला, एवढं घेण्यासारखं आहे.

खऱ्या अर्थाने बेटाची जुनी जात म्हणावी अशी जात पाहायची तर स्वीडनचं गॉटलंड बेट घ्या. तिथल्या ‘रुस’ या बुटक्या घोड्याचा वावर त्या बेटावर इतका जुना आहे की परका म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. तरी त्या मूळचेपणाने त्याला वाचवलं का? एकोणिसाव्या शतकात मोकळी कुरणं वाटली गेली, बांध पडले, उभ्या पिकात शिरणारे घोडे नकोसे झाले, परदेशी खाणींत विकले गेले, आणि हजारोंचे मूठभर उरले. वाचवलं ते लोइस्ता भागातल्या शेतकऱ्यांनी. रान राखून ठेवलं, कळप तिथे बारा महिने उघड्यावर ठेवला, पण प्रत्येक घोडीला मालक, वळू निवडून सोडलेला, शिंगरांची उन्हाळ्यात तपासणी. आज तिथे पन्नासेक घोड्या आहेत. अर्धरानटी म्हणतात ती हीच अवस्था. आपल्याकडे धनगरांची तट्टं वेगळ्या वाटेने त्याच अवस्थेत जगत आली. सासवडच्या घाटात दिवाळीनंतर वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तळ, उतरतात तेव्हा पाहावं. तट्टाच्या पाठीवर बिऱ्हाड, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, झोळीतून डोकं काढलेलं कालचं कोकरू, आणि दोरी कोणाच्याच हातात नाही. रात्री ते मोकळंच चरतं, सकाळी हाळी ऐकून येतं. ते रानटी की पाळीव, असं एकदा त्या वाड्यावरच्या म्हातारीला विचारलं होतं. “आमचं हाय,” एवढंच म्हणाली.

सेबलवर ही मालकी कोणाची, हा खरा न सुटलेला भाग आहे. मिकमाक या तिथल्या आदिवासी राष्ट्राचे हक्क अजून निकाली निघालेले नाहीत, म्हणून तर बेटाचा दर्जा पूर्ण उद्यानाचा नाही, ‘राखीव उद्याना’चा आहे. उद्यान विभाग घोड्यांना ‘तिथे रुळलेले वन्यजीव’ म्हणतो. शब्द चतुर आहे, मूळचे म्हणायचं टाळतो आणि परके म्हणायचंही. पण त्या शब्दाने काही ठरत नाही. ठरवायला हव्यात त्या गोष्टी साध्या आहेत. कुंपण घालून राखलेल्या तुकड्यातलं आणि बाहेरचं मरॅम, दोन्हींची तुलना दर वर्षी जाहीर व्हावी. उघडी पडलेली वाळू अमुक टक्क्यांपलीकडे गेली किंवा माशी, चिमणी अमुक खाली आली, तर लस टोचायला सुरुवात होईल, हे आजच लिहून ठेवावं. तो आकडा मिकमाक प्रतिनिधी, घोड्यांचे अभ्यासक आणि कीटकांचे अभ्यासक यांनी एकत्र बसून काढावा. आणि आकडा ओलांडला गेला नाही, तर परकेपणाचं तुणतुणं वाजवून घोड्यांच्या मागे लागू नये.

या कामाची अर्धी तयारी झालेलीच आहे. २००७ च्या सुमारापासून संशोधक दर उन्हाळ्यात बेट पायी पालथं घालतात, प्रत्येक घोड्याचे फोटो काढतात, कपाळावरचा तारा, पायावरचा पांढरा पट्टा, अंगावरचे वण यांवरून त्याला ओळखतात. कोणती घोडी कोणत्या वळूबरोबर, शिंगरू जगलं की नाही, सगळं टिपलेलं. इतक्या बारकाईने नोंदलेला रानटी घोड्यांचा कळप जगात क्वचितच असेल. माशीची अशी वही कोणाकडे आहे?

त्या रात्री निघताना मी आजोबांना विचारलं, तुम्ही कधी बेटावर उतरला होतात का? उतरले होते, एकदा, हवामान ठाण्याचं सामान पोचवायला, तरुणपणी. मग दहा मिनिटं ते बोलत राहिले. धुक्यातून आधी टापांचा आवाज आला, मग एक काळी घोडी, तिच्या पोटाशी शिंगरू, ती उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली, तिच्या आयाळीत गवताच्या काड्या अडकलेल्या होत्या, तेही आठवत होतं त्यांना. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मग तिने विचारलं, “आणि ती छोटी माशी दिसली होती का, आजोबा?”

“माशी?” ते म्हणाले. “कुठली माशी?”